ऑफ सीझनचा समुद्र

आमच्या घरात कुठलीही गोष्ट सुरू होण्याआधी थांबते. मालक एसटीत कंडक्टर होते, शेवटची काही वर्षं सोलापूर स्टँडवर कंट्रोलर. (आमच्याकडे नवऱ्याला मालकच म्हणतात. त्यात मला काही गोड वाटतं असं नाही, जिभेला सवय आहे.) निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण घंटीची दोरी काही हातातून सुटली नाही. एसटीत एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. मी काही नवीन बोलायला तोंड उघडलं की मालक वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणतात, "सिंगल." म्हणजे गाडी थांबली, उतरा. स्वयंपाकघराचा ओटा नवा करू या, सिंगल. मुलीबरोबर चार दिवस दिल्लीला जाऊन येते, सिंगल. डबल मी इतक्या वर्षांच्या संसारात क्वचितच ऐकली, आणि ऐकली तीही बहुतेक त्यांच्या बहिणीच्या कामासाठी.

त्यामुळे एका रविवारी जेवताना "मला एकदा समुद्रात पवायचंय" असं मी म्हटलं, तेव्हा उत्तर मला पाठच होतं. पण सिंगल आली नाही. मालकांचा घास हातातच राहिला.

"पवायचंय? तुला?"

माझा राग तिथून सुरू झाला आणि पुढे कित्येक महिने उतरला नाही. मला पोहता येतं हे या माणसाला लग्नाआधीपासून माहीत होतं. ते मला बघायला आले तेव्हा वडिलांनी सगळ्यांच्या देखत सांगितलं होतं, पोरगी भाकरी करती, शिवती आणि पवतीबी. पाहुणे मंडळी गालातल्या गालात हसली होती. मालकही हसले होते. मी दाराआडून पाहिलं होतं.

आमचं गाव मंगळवेढ्याच्या पलीकडे, काळ्या रानात. ज्वारी आणि मेंढरं. नदी नाही, तळं नाही, रानात एक मोठी दगडी विहीर. मेंढरं पाण्याला तिथेच यायची, म्हणजे आम्ही पोरंही दिवसभर तिथेच. एका वर्षी शेजारच्या वस्तीवरची एक लहान मुलगी घागर बुडवताना आत गेली. त्यानंतर सगळ्या बापांनी आपापल्या पोरींना विहिरीकडे फिरकायचं नाही असं बजावलं. माझ्या वडिलांनी माझ्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधला, कमरेला दोरी लावली आणि मला पाण्यात ढकललं. आई वरून ओरडत होती. वडील दोरी धरून काठावर उभे होते आणि तिला सांगत होते, "विहीर काय चालत घराकडं येत न्हाई. पाण्याला हीच जाणार तिकडं. मग पवायला नको यायला?"

महिनाभरात डबा सुटला, मग दोरीही सुटली. विहीर गोल होती. चार हात मारले की समोर दगड यायचा, की डाव्या अंगाने वळायचं, पुन्हा चार हात, पुन्हा वळायचं. अशा मी दुपारभर फेऱ्या मारायचे. वर आभाळाचा गोल तुकडा आणि काठावर मेंढरांची तोंडं. आयुष्यात मला तेवढं मोकळं पुन्हा कधी वाटलं नाही. मग मी मोठी झाले, आणि एका दिवसात विहीर बंद झाली. आईने सांगितलं आणि वडील गप्प बसले. त्यांच्याबद्दल माझी तेवढी एकच तक्रार आहे.

लग्न होऊन सोलापुरात आले. इथे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. पाणी आलं की हंडे, बादल्या, पिंपं, टाकी. इतकी वर्षं मी पाणी फक्त भरलं, त्यात उतरले कधीच नाही. ते चाललंच असतं, पण गेल्या वर्षीपासून माझा उजवा खांदा धरायला लागला. मी घरी शाळेचे गणवेश शिवते, चार मशिनी आहेत, मदतीला दोन बायका येतात. मशीनवर वाकून वाकून खांदा आखडला. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करत राहा, नाहीतर हा हात वर जायचा बंद होईल. त्यांनी सहज सांगितलं. मी मात्र घरी येऊन आरशासमोर हात वर करून पाहिला आणि पहिला विचार आला तो पोहण्याचा. हात वर गेला नाही तर पोहायचं कशाने?

मला परदेशातला समुद्र हवा होता. तोच कशाला, असं मुलीनेही विचारलं. कोकणात आम्ही एकदा गेलो होतो. मी साडी सावरत वाळूत बसले होते, भेळ खात, आणि मालक सगळ्यांच्या चपला सांभाळत. तेवढ्यात गल्लीतलं एक कुटुंब भेटलं. मग डेपोतले दोघं भेटले. "काय वहिनी, पाण्यात न्हाई गेलाव?" म्हणून हसले. त्या गर्दीत माझ्या वयाची बाई गुडघाभर पाण्यात जाऊन किंचाळली तर चालतं. पोहायला लागली तर लोक जागेवर थांबून बघतात. जिथे मला वहिनी म्हणणारं कुणी नसेल असा समुद्र मला हवा होता. मुलगी पुण्याला असते, तिने थायलंड सुचवलं. तिकडे विमानाने जवळ, कटकट कमी. मालक दोन दिवस विचार करून म्हणाले, "जाऊ. पण येळ बघून."

झालं, घोडं तिथेच पेंड खायला लागलं.

वेळ बघायला बसलो तर नकटीच्या लग्नाला सतरा विघ्नं. फेब्रुवारीपासून शाळा सुरू होऊन स्थिरावेपर्यंत मला मान वर करायला सवड नसते. गणपतीत घर सोडवत नाही, पितृपक्षात मालक स्टँडपर्यंतसुद्धा नवी चप्पल घालून जात नाहीत. नवरात्रात घट बसतात, घर बंद ठेवता येत नाही. दिवाळीला मुलगी येणार. थंडीत गावाकडे हुरडा, आणि हुरड्याला आपण नसलो तर भाऊ म्हणणार बहीण शहरात जाऊन फुगली. जानेवारीत सोलापुरात गड्ड्याची जत्रा, म्हणजे नातेपुत्याच्या आमच्या वन्सं मुलाबाळांसह मुक्कामाला. मग पुन्हा गणवेश. मी म्हटलं, वन्संना एक वर्ष सांगू की आम्ही नाही. मालक म्हणाले, "सिंगल."

सगळं चाळून झाल्यावर हाताला लागले ते शाळा सुरू झाल्यानंतरचे आणि राखी पौर्णिमेच्या आतले दिवस. राखीच्या आत परत यायचंच होतं, कारण भावाचा हात त्या दिवशी समोर नसला तर वन्सं वर्षभर तोंड बंद करत नाहीत. त्या दिवशी आमचा पोळी-भाजीचा बेत नसतो, नारळीभात असतो, तो मीच करते, दरवर्षी, लवंग घालून, वन्संना आवडतो तसा. हे आत्ता सांगायचं कारण पुढे येईल.

सहली काढणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडे गेलो. तो बिचारा सरळ होता. म्हणाला, "काका, त्या वेळी तिकडं ऑफ सीझन असतो. पाऊस असतो हं."

"पाऊस असतोय?" मालकांचा चेहरा उजळला. "मग तर झ्याकच की!"

मीही खूश झाले, खोटं कशाला सांगू. आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला पाऊस असतो म्हटलं की हवा छान असते एवढंच ऐकू येतं. आभाळ भरलं की आमच्याकडे लोक दारात खुर्च्या टाकून बसतात. उन्हाने वर्षभर करपणाऱ्यांना सुट्टी म्हणजे सावली आणि गार वारा. त्या माणसाने पुन्हा एकदा सांगितलं, "पाऊस म्हणजे चांगला पाऊस असतो, काकू." आम्ही दोघांनी माना हलवल्या. चांगला पाऊस तर वाईट कसा असेल? पाऊस समुद्राचं काय करतो, हा प्रश्न आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही.

बाकीचे प्रश्न मात्र आले. आले कसले, कोसळले. मुलगी रोज फोनवर काहीतरी पाठवायची. तिकडच्या पाण्यात एक पारदर्शक प्राणी असतो, तो चिकटला की अंगावर चट्टे येतात. पाण्यात एक ओढ असते, ती माणसाला उभ्या उभ्या आत नेते. स्कूटरवर बसू नका. कापलेली फळं खाऊ नका. आणि मग सुनामी. "आई, तिकडे एकदा सुनामी आली होती," ती म्हणाली. मी म्हटलं, "मग आता सुनामीनं माझ्यासाठी परत यायचं का?" तिला ते आवडलं नाही. आईला पोहायला पाठवायचं आणि पाण्याला हात लावू द्यायचा नाही, हे कसं जमवायचं ते तिलाच ठाऊक.

मालकांची काळजी वेगळी होती, ती खिशात होती. कंडक्टरकीत आयुष्य गेलं, पैशाची बॅग पोटाशी धरून. त्यांनी मला चोरखिसे शिवायला बसवलं. बनियनला आतून एक, पायजम्याला एक, माझ्या परकराला एक. पासपोर्ट एकीकडे, त्याच्या झेरॉक्स दुसरीकडे, झेरॉक्सच्या झेरॉक्स मुलीकडे. मी म्हटलं, "अवं, आपल्याला विमानात बसायचंय का विमान लुटायचंय?" मालक हसले नाहीत. सुरक्षेच्या बाबतीत ते हसत नाहीत.

आणि सर्वात मोठी सुरक्षा म्हणजे कुणाला सांगायचं नाही. घर बंद राहणार, चार मशिनी आत, कापडाचे गठ्ठे आत. शिवाय थायलंड म्हटलं की आमच्याकडचे पुरुष मिशीत हसतात, आणि मालकांना डेपोतल्या मंडळींची ती नजर नको होती. म्हणून गल्लीत नाही, वन्संना नाही, भावाला नाही, मुलीच्या सासरीसुद्धा नाही. विहीणबाई अलिबागच्या आहेत, गोड बोलतात, फोन आला की अर्धा तास सोडत नाहीत. मुलीलाही मालकांनी बजावलं होतं, सासूबाईंना आम्ही आल्यावर सांग. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. लपूनछपून जायला मी काय चोरी करत होते?

पोहायचे कपडे मी स्वतः शिवले. खेळाच्या गणवेशाचं निळं कापड उरलं होतं, ताणणारं, पटकन वाळणारं. लांब बाह्यांचा, मांडीपर्यंतचा सदरा आणि घोट्यापर्यंतची विजार. घालून पाहिली आणि आरशासमोर हात फिरवून पाहिला. हात जात होता वर, जरा कुरकुरत. मालकांनी दारातून पाहिलं.

"हे कुठल्या शाळंचं?"

मी उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर ते इथे लिहिता आलं नसतं.

मालकांच्या हिशेबाने आम्ही मुंबईला एक दिवस आधी पोचलो आणि विमानतळावर इतक्या लवकर गेलो की आमच्या विमानाचं नाव फळ्यावर यायला अर्धा दिवस होता. गाडी प्लॅटफॉर्मला लागायच्या आधी आपण लागलेलं बरं, असं ते म्हणतात. मी खुर्चीवर बसून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली. म्हटलं, आता काय, आता पोचतोच आहोत.

पोचलो. हॉटेल किनाऱ्याला लागूनच होतं. सामान खोलीत टाकून मी आधी पाण्याकडे गेले. आभाळ आमच्याकडे पोळ्याला असतं तसं भरलेलं, वारा गार, मालक म्हणाले, "बघ, म्हटलं न्हवतं? काय झ्याक हवा हाय." आणि समोर समुद्र. मी समुद्र आधी पाहिलेला होता, पण असा नाही. घराएवढ्या लाटा काळ्या होऊन येत होत्या, वाळूवर आपटत होत्या आणि जाताना वाळूच ओढून नेत होत्या. काठाने जागोजागी लाल झेंडे लावलेले. पाण्यात एक माणूस नव्हता.

एका झेंड्याजवळ टोपी घातलेला गार्ड बसला होता, माझ्याच वयाचा असेल. मी पाण्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे. त्याने झेंड्याकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, "उद्या?" त्याला मराठी येत नव्हती पण प्रश्न कळला. त्याने आभाळाकडे बघून खांदे उडवले.

दुसऱ्या दिवशी लाल झेंडा. तिसऱ्या दिवशी लाल झेंडा आणि दिवसभर पाऊस. आम्ही बाल्कनीत बसून पाऊस बघत होतो. सोलापुरात असता तर अख्ख्या गल्लीने भजी तळली असती असा तो पाऊस, आणि मला त्याला शिव्या द्याव्याशा वाटत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा मी पावसाला शिव्या दिल्या. वडिलांनी ऐकलं असतं तर थोबाडीत मारली असती.

मालक समजूत घालायला लागले. हॉटेलला एक हौद होता, निळ्या फरशीचा, कमरेएवढा. "हितं पव की," ते म्हणाले. "पाणी स्वच्छ हाय, खोलीबी न्हाई, धोका न्हाई."

"टाकीतच पवायचं हुतं तर सोलापुरात आपल्या गच्चीवरच्या टाकीत उतरले असते," मी म्हटलं. "तीबी स्वच्छ हाय. मीच धुती."

त्या संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला. मुलीच्या तोंडून निघून गेलं होतं. रागावल्या नाहीत, उलट मनापासून हसल्या. "अहो, समुद्रात पोहायला गेलात आणि आत्ता? नारळी पौर्णिमेच्या आधी आमच्याकडे कोळीसुद्धा होडी काढत नाहीत. पावसाचा समुद्र तो. पौर्णिमेला नारळ वाहिला की मग शांत होत जातो. मला आधी एक फोन करायचा नाही का?"

मी फोन ठेवला. नारळी पौर्णिमा. राखीच्याच दिवशी. दरवर्षी मी नारळीभात करते, नारळ खवते, गूळ घालते, लवंगा मोजून टाकते, आणि तो नारळ मुळात कुणासाठी असतो हे इतक्या वर्षांत मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. समुद्राला नारळ वाहून झाला की मगच पाण्यात जायचं, हे ज्या सणात सरळ सांगितलेलं आहे, त्या सणाच्या आत परत यायचं म्हणून आम्ही ही तारीख धरली होती. आणि ज्या विहीणबाईंना हे तोंडपाठ होतं त्यांना चोरांच्या भीतीने कळवलं नव्हतं.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी मालकांना बोलले ते सगळं इथे सांगत नाही. मुद्दा एवढाच होता की तुमच्या सुरक्षेने माझा समुद्र घालवला. चोरखिशात सगळं शाबूत आहे, पासपोर्ट आहे, झेरॉक्स आहेत, घरच्या मशिनी शाबूत आहेत, फक्त ज्यासाठी आलो ते गेलं. मी म्हटलं, "पुढच्या वर्षी हा हात वर जाईल का न्हाई ठाऊक न्हाई. तुमी आयुष्यभर सिंगल देत आलाव. एकदा, फकस्त एकदा मी मागितलं हुतं."

मालकांनी बनियनचा चोरखिसा चाचपला. मग म्हणाले, "मला पवता येत न्हाई."

"म्हाईत हाय."

"तू आत गेलीस आन तुला कायतरी झालं, तर मी काठावर हुबा ऱ्हाऊन काय करू? तिकिटं फाडू?"

हे त्यांनी चिडून म्हटलं, पण आवाज चिडका नव्हता. मला तेव्हा दया यायला हवी होती बहुतेक. आली नाही. माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"माज्या बापालाबी येत नव्हतं."

"काय?"

"पवायला. त्याला येत नव्हतं. मला ढकललं तवा दोरी धरून काठावर हुबा हुता. पाय लटपटत हुते त्याचे, मी खालनं बघत हुते. तरी ढकललं."

मालक उठून आत गेले आणि बॅग भरायला लागले. जायच्या दिवसाची बॅग ते आदल्या दिवशी भरतात.

निघायच्या दिवशी सकाळी पाऊस नव्हता. वारा पडला होता. मी चहा घेऊन बाल्कनीत आले आणि लाल झेंडा दिसला नाही. त्या जागी दोन झेंडे होते, अर्धे लाल अर्धे पिवळे, मधे बरंच अंतर सोडून रोवलेले, आणि मधल्या पाण्यात लोक होते. म्हातारेकोतारे, बायका, सगळे त्या दोन झेंड्यांच्या मधे. लांबवर पाण्यात पिवळ्या गोळ्यांची एक दोरी तरंगत होती. लाटा होत्या, पण माणसाच्या मापाच्या.

विमानतळाकडे निघायला अजून अख्खी सकाळ होती. मालकांच्या हिशेबाने मात्र आम्हाला उशीर झाला होता. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. बॅग उघडली, तळातून निळा गणवेश ओढून काढला आणि न्हाणीघरात शिरले. बाहेर आले तर ते दारात चपला घालून उभे होते. वाटलं, आता येते सिंगल. आली नाही. ते माझ्या मागून चालायला लागले.

पाणी कोमट होतं. विहिरीचं पाणी उन्हाळ्यातसुद्धा अंगावर काटा आणायचं, हे तसं नव्हतं. कमरेपर्यंत गेले, छातीपर्यंत गेले, एक लाट नाकातोंडात गेली. मग पाय सोडले. क्षणभर काहीच आठवेना. मग हात आपोआप निघाला, उजवा, खांद्यात कळ आली, आणि गेला वर. मग डावा. मला पोहता येत होतं. मला रडू आलं, आणि खाऱ्या पाण्यात ते कुणाला कळायचं कारण नव्हतं, म्हणून मी रडून घेतलं.

बराच वेळ पोहले. हात भरून आले तशी पाण्यावर उताणी पडून किनारा बघितला, तर मी होते तिथेच होते. समोर तोच झेंडा, तोच गार्ड, गुडघाभर पाण्यात पायजमा वर खोचून उभे असलेले मालक. पुन्हा पोहले. पुन्हा तिथेच. आधी वाटलं, दुखरा हात कमी पडतोय म्हणून वळतेय. पण तसं असतं तर उजवीकडे वळले असते. मी वळत होते डाव्या अंगाने. चार हात मारत होते आणि वळत होते, चार हात आणि वळत होते. समोर दगड नव्हता. कशालाच अडत नव्हते. एवढा समुद्र होता, त्यासाठी एवढा जीव आटवला होता, आणि त्यात उतरून मी विहिरीतल्या फेऱ्या मारत होते.

मला स्वतःचा इतका संताप आला की हातपाय थांबले. दात आवळून ठरवून सरळ जायला लागले, आणि चौथ्या हाताला अंग वळलंच. आता काय करायचं, कळेना. बाहेर निघावं असं वाटलं.

तेवढ्यात किनाऱ्यावरून आवाज आला. स्टँडवर कर्णा बंद पडला की मालक ज्या आवाजात पंढरपूर-मंगळवेढा ओरडायचे, तो आवाज. पाण्यातले लोक वळून बघायला लागले. मीही वळले. मालक मांडीएवढ्या पाण्यात आले होते. लाटेने बनियन भिजलं होतं, चोरखिशासकट, पासपोर्टसकट. दोन्ही हात वर करून ते टाळ्या वाजवत होते. दोन टाळ्या, मग दोन टाळ्या.

"अगं गोल का फिरतीस? सरळ जा की!" ते ओरडत होते. "डबल! डबल हाय, जा!"

इतकी वर्षं ही घंटी कुठे ठेवली होती, असं तिथूनच ओरडून विचारावंसं वाटलं. पण तोंडात खारं पाणी होतं, आणि विमानाची वेळ होत आली होती. मी त्यांच्याकडे पाठ केली, त्या पिवळ्या गोळ्यांच्या दोरीवर नजर ठेवली आणि हात मारला. चौथा हात मारला, पाचवा मारला. मागून टाळ्या ऐकू येत होत्या.